मावसाजींचं पित्त

आमच्या पुसदच्या मावसाजींचं आजारानं आजवर काहीच वाकडं केलेलं नाही; त्यांच्या जिवावर उठलं ते दरवेळी औषधच. ताप, खोकला, सर्दी ही मंडळी त्यांच्याकडे लांबच्या पाहुण्यांसारखी यायची, चार दिवस राहायची आणि आपापल्या वाटेनं निघून जायची. पण त्यांना हाकलायला म्हणून कुणी गोळी दिली की संपलंच. पाहुणा बाजूला राहायचा आणि गोळीच घर ताब्यात घ्यायची. तरुणपणी तहसील कचेरीत असताना त्यांचा घसा दुखला आणि कुणीतरी पेनिसिलिनचं इंजेक्शन टोचलं. सायकलवरून घरी येईपर्यंत ओठ, डोळे, कान सगळं असं काही सुजलं, की नव्यानंच लग्न होऊन आलेल्या मावशीनं दार उघडलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि सांगितलं, "ते घरी नाहीत जी. कचेरीत गेलेत." मावसाजी उंबऱ्यावर उभे राहून हातवारे करत होते आणि मावशी त्यांना संध्याकाळी या म्हणत होती. ही गोष्ट मी दोघांच्याही तोंडून ऐकली आहे आणि दोघंही ती सांगताना अजून लाजतात.

इथं एक शब्द आधीच सांगून ठेवायला हवा. औषध बाधून अंगावर गांधी उठल्या की आमच्याकडे त्याला पित्त म्हणतात. पित्त उठलं, पित्त झालं. जेवल्यावर छातीत जळजळलं, आंबट पाणी वर आलं, तर तेही पित्तच. शिवाय मावसाजींसारख्या तापट माणसाचं खवळतं ते पित्त आणखी वेगळं. एका शब्दावर आम्ही तीन संसार चालवतो आणि आमचं कधी अडत नाही. मावसाजींना पित्त झालं की मावशी त्यांना अंगभर गेरू फासायची आणि काळ्या घोंगडीत गुंडाळून ठेवायची. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं मावसाजींना शेंदूर लावून देवच करून टाकलं आहे. मी मुकाट्यानं नमस्कार केला. घोंगडीतून आवाज आला, "सुखी राह्य बाई. पन आधी पानी दे."

औषध समोर आलं की त्यांच्यातला कचेरीतला माणूस जागा व्हायचा. पेनिसिलिन नामंजूर. सल्फा नामंजूर. दुखण्यावरची एक लाल गोळी होती, तीही कायमची नामंजूर. एखादं औषध थोडंसंच बाधलं असेल तर ते विचाराधीन. नवीन औषध घ्यायचंच झालं तर त्यांची एक अट असे: ते डॉक्टरच्या दारातल्या बाकड्यावर बसूनच घ्यायचं. "रिएक्शन यायचीच असन तं ज्यानं देल्ली त्याच्याच दारात येऊ दे," ते म्हणत. "मी कायले घरी मरून त्याले मोकळा सोडू?" मग पाण्याचा तांब्या, वर्तमानपत्र आणि मावशीनं दिलेला डबा घेऊन स्वारी बाकड्यावर बसे आणि दुपार कलेपर्यंत हलत नसे. डॉक्टरांना त्याची इतकी सवय झाली होती, की जेवायला जाताना ते मावसाजींना सांगून जात. नवे रुग्ण त्यांनाच कंपाउंडर समजून आपली दुखणी सांगू लागत. मावसाजी चष्मा वर करून गंभीरपणे विचारत, "काय चालत नाही तुमाले?" एकदा एक म्हातारबुवा बराच विचार करून म्हणाले, "वांगं." मावसाजींनी मान डोलावली आणि आत ओरडून सांगितलं, "डॉक्टर, याह्यले वांगं देऊ नोका."

आपल्याला काय चालत नाही हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक असावं असा त्यांचा आग्रह होता. बोरी अरबला एका लग्नात व्याह्यांनी हात जोडून "तुम्हाला भेटून आनंद झाला" म्हटलं, तर यांनीही हात जोडले आणि म्हणाले, "मले पेनिसिलिन चालत नाही." मावशीनं कोपर मारलं तसे रागावले. "मी कधी, कुठं पडीन काय सांगता येते? तवा जो बाजूले असन त्यालेच माहीत पायजे ना!" त्याच लग्नात बायकांनी मावशीला उखाणा घ्यायला लावला. मावशी जुन्या वळणाची, नवऱ्याचं नाव तोंडावर आणायची नाही. तिनं डोळे मिटून एका दमात म्हटलं, "काळ्याभोर वावरात फुलली पऱ्हाटी, पेनिसिलिन अन् सल्फा नाही यांच्यासाठी." नवऱ्याचं नाव राहिलं बाजूला, दोन औषधांची नावं मात्र मांडवभर झाली. मावसाजी पुरुषांच्या पंगतीत ताठ बसले होते. इतकं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं. पुढं एका जत्रेत त्यांनी हातावर गोंदवूनही घेतलं. गोंदणाऱ्याला औषधांची फारशी माहिती नसावी. त्यांच्या मनगटावर आजही 'पेनसिल चालत नाही' असं सुबक अक्षरात लिहिलेलं आहे.

पण मला मावसाजी खरे आठवतात ते गुंगीतले. पित्त उतरवणारी गोळी तेवढी त्यांना जन्मभर मंजूर होती आणि ती घेतली की त्यांना छान गुंगी यायची. हिवाळ्यातली दुपार, अंगणात वाळत घातलेल्या तुरीचा वास, कडुलिंबाखाली टाकलेला पलंग आणि त्यावर अर्धे डोळे मिटून मावसाजी. एरवी हा माणूस म्हणजे आग्यामोहोळ. भाकरी जराशी करपली तरी घर डोक्यावर घेणारा. पण गोळी लागू पडली की आवाज मऊ व्हायचा, कपाळावरच्या आठ्या विरघळून जायच्या. "बाई, पलंग हळू हाक. नदी लागली," ते मला म्हणायचे. पूस नदी तिथून बरीच लांब, पण मी उशाशी बसून बैलांचे कासरे ओढल्यासारखं करायची. मग त्यांना पाणी लागायचं. थंड आहे म्हणायचे, पाय वर घ्यायचे. कधी आभाळाकडे पाहत म्हणायचे, "ढग वेचून राह्यले लोकं. एवढा ढग कोन घेईन बाप्पा?" मला ते खरंच दिसायचं. सगळं वावर आभाळात गेलं आहे, बाया ओटीत कापसासारखे ढग भरताहेत आणि मावसाजी बांधावर बसून काळजी करताहेत.

मावशी अशा वेळी सूप घेऊन जवळच बसायची, तांदूळ निवडत. गुंगीत ते तिच्या हातच्या भाकरीचं कौतुक करायचे, तिचा हात शोधून धरून ठेवायचे. शुद्धीवर आल्यावर यातलं काही आठवायचं नाही आणि ती आठवण द्यायची नाही. "गोळी पोटात गेली का मानूस बाहेर येते," ती मला हळूच म्हणायची. आपला नवरा गोड बोलावा म्हणून कुणी देवाला साकडं घालतं, कुणी उपास करतं. माझ्या मावशीचं सगळं त्या एवढ्याशा पांढऱ्या गोळीवर भागायचं.

आणि हाच माणूस आमच्या हातून जाता जाता राहिला, तो त्या एका शब्दापायी. तूर काढायच्या दिवसांत मावसाजींच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. तो त्यांनी सुईनं कोरून काढला आणि डॉक्टरकडं जायचं नाव घेतलं नाही. काट्यापेक्षा त्यांना औषधाची भीती जास्त. पाय घोट्यापर्यंत सुजला, मग गुडघ्यापर्यंत लालभडक झाला. ताप असा चढला की ते बरळू लागले, आणि गोळी घेतल्यावर बरळत तसं हे नव्हे. मावशीनं मला फोन केला, शेजाऱ्यांच्या जीपमध्ये त्यांना घातलं आणि दिग्रस-दारव्ह्याच्या रस्त्यानं यवतमाळला माझ्याकडं आणलं. मी त्यांना तशीच एका दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर तरुण होते आणि मनापासून झटणारे होते. त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, अँटिबायोटिक आत्ताच सुरू करायला हवं, विष रक्तात पसरलं तर पाय जाईल, कदाचित माणूसही जाईल.

काय चालत नाही ते त्यांनी विचारलं. मी आणि मावशीनं शाळेतल्या पोरींसारखी एका सुरात सगळी यादी म्हटली. त्यांनी ते सगळं वगळून एका निराळ्याच औषधाचं नाव घेतलं. मावशीच्या कपाळाला आठी पडली. हे मावसाजींच्या विचाराधीन औषधांपैकी एक होतं. "हे देल्लतं त्यायले मागं, दाताच्या वेळी," ती म्हणाली. "त्याच्यानं पित्त झालतं."

"पित्तच ना?" डॉक्टर म्हणाले. "ते होतं पुष्कळांना. पित्ताचं इंजेक्शन आधी देतो, म्हणजे त्रास नाही व्हायचा."

मावशीला हायसं वाटलं. पित्ताचं औषध देणारा डॉक्टर म्हणजे आपलं दुखणं कळलेला डॉक्टर. त्यांनी पोटातल्या पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि अँटिबायोटिकची बाटली लावली.

थोड्याच वेळात मावसाजींच्या मानेवर गांधी उठल्या. पाहता पाहता त्या छातीवर उतरल्या, ओठ जाड झाले आणि घशातून शीळ घातल्यासारखा श्वास येऊ लागला. मी ओरडले. डॉक्टर धावत आले, बाटली बंद केली, मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला. मावशी भिंतीला टेकून उभी होती. एवढी वर्षं ज्या माणसाला सुजलेला पाहून तिनं गेरू कालवला होता, त्याला वाचवायला आता तिच्याजवळ काहीच नव्हतं. मग ती शीळ हळूहळू मंद झाली, मावसाजींच्या ओठांचा निळेपणा गेला, आणि डॉक्टर घाम पुसत स्टुलावर बसले.

"मावशी, तुम्ही पित्त म्हणाला होतात ना? जळजळ, आंबट ढेकर?"

"नाही भाऊ. अंगावरचं."

"मग मला अंगावरचं असं सांगायचं ना!"

"पित्तच तं सांगतलं," मावशी म्हणाली.

त्यानंतर डॉक्टरांनी तिसरं औषध निवडलं. आधी ते अगदी थेंब थेंब दिलं आणि स्वतः पलंगाशेजारी बसून राहिले, मावसाजींच्या तोंडाकडं एकटक पाहत. ते औषध मानवलं. पाय वाचला, माणूस वाचला. डॉक्टरांनी झाल्या गोष्टीबद्दल मावशीपुढं हात जोडले, पण तिचं कशात लक्ष नव्हतं. "माह्या तोंडानं मारलं असतं वं मी त्यायले," एवढंच ती मला म्हणाली. पुसदला परत गेल्यावर ती बोलेनाशीच झाली. कुणी साधं मीठ किती घालू विचारलं तरी म्हणायची, त्यांनाच विचारा. मी काही दिवस तिच्यासोबत राहिले. मला मावसाजींची काळजी नव्हती, तिची होती. झाला प्रकार त्यांना मी सांगितला नव्हता, आणि तिनं तर सांगणं शक्यच नव्हतं.

मावसाजींना भेटायला लोक येऊ लागले. अंगणातल्या पलंगावर ते पाय उशीवर ठेवून पडलेले असायचे, गोळी नुकतीच घेतलेली, डोळे अर्धे मिटलेले. असंच एकदा कचेरीतले त्यांचे जुने सोबती आले आणि त्यांनी विचारलं, "असं झालं तरी कसं?"

"चूक माहीच," मावसाजी संथपणे म्हणाले. "डॉक्टरनं मले इचारलं, त्या औषधानं काय होते? मी म्हनलं, पित्त. तो समजला पोटाचं. आता त्याचा काय दोष? उभा जन्म कचेरीत काढला, अन् अर्ज असा मोघम केला मी."

मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली.

पाहुणे गेल्यावर मी पलंगाशी बसले. "मावसाजी, तुम्ही तर तेव्हा शुद्धीवरच नव्हता. डॉक्टरांशी बोलली ती..."

त्यांनी एक बोट वर केलं. डोळे काही उघडले नाहीत. "मीच बोललो बाई. तू नोको सांगू मले." मग म्हणाले, "तिले म्हनाव, काम राहू दे. बस जराशी इथं."

तेव्हापासून जो येईल त्याला मावसाजी हीच गोष्ट सांगतात, आणि त्या गोष्टीत मावशी कुठंच नसते. तापात त्यांनी सगळं ऐकलं होतं का, की गुंगीत त्यांना खरोखरच असं घडलेलं दिसतं, ते मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायचा धीरही होत नाही. आता ते फार थकले आहेत. सांगता सांगताच त्यांचा डोळा लागतो, पाहुणा कप हातात धरून अवघडून बसतो. मग मावशी उरलेली गोष्ट पुरी करते, त्यांनी सांगितली तशीच, एक शब्दही न बदलता. "मंग हे म्हनले, पित्त होते," असं ती म्हणते, आणि तेवढं म्हणताना त्यांच्या अंगावरची चादर उगाचच नीट करते.