आत ठेवलेलं कापड

ते दिल्लीतल्या पोपच्या वकिलातीत अधिकारी होते. उन्हाळ्यात बेंगळूरच्या सेमिनरीत, पाद्री घडवणाऱ्या शाळेत, विश्रांतीला यायचे आणि पाद्र्यांचा पायघोळ झगा तिथल्याच शिवाजीनगरात माझ्याकडून शिवून घ्यायचे. उंच, भरलेला माणूस, पण कशालाच धड 'हो' म्हणणार नाहीत की 'नाही' म्हणणार नाहीत. कन्नडातला 'स्वल्प', म्हणजे थोडंसं, एवढा एकच शब्द त्यांनी उचलला होता. ऊन लागतं का? स्वल्प. आमचा देश आवडला? स्वल्प. घरची आठवण येते? तिथंही स्वल्पच. मला त्या शब्दाचा राग यायचा.

शिवणीत जास्तीचं कापड ठेवायचं म्हटलं की मात्र स्पष्ट बोलायचे. "नको, अण्णा. मी जाड होईन तेव्हा उसवायला तुमच्याकडे थोडाच येणार? तोवर बदली झालेली असेल."

झालीच. एका देशातून दुसऱ्या देशात, दर बदलीला मान वाढत गेला.

बऱ्याच वर्षांनी ते आले ते कार्डिनल होऊन, पोपच्या खालोखालच्या मानाचे. कमरेला लाल पट्टा, पण अंगात नुसती हाडं उरलेली. सोबत मीच शिवलेला जुना काळा झगा. "अंगाबरोबर करून द्या," म्हणाले.

मी शिवण उसवली. आत दोन बोटं कापड निघालं, त्यांचं न ऐकता मीच ठेवलेलं. ते त्यांनी चिमटीत धरलं.

"मी इथंच जाड होईन, म्हातारा होईन, असं वाटलं होतं तुम्हाला?"

"स्वल्प," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. कापड सोडून म्हणाले, "आता कापून टाका, अण्णा."