पायरीवरचं सोनं

"हं, तिथंच! हातात न्हाई. पायरीवर ठेव."

शेटजींनी हात मागे घेतला. नुसता मागे नाही, धोतराला पुसला. माझा हात त्यांना लागलाही नव्हता. त्यांच्या ओट्यावर दहा-बारा माणसं बसलेली, एकमेकांना दसऱ्याचं सोनं देऊन गळाभेटी चाललेल्या. कुणीतरी खुदकन हसलं. मी अठरा वर्षांची, धुतलेलं लुगडं नेसून आलेली, आपट्याची पानं पुढे धरून तशीच उभी.

निजामाचं राज जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. हिंगोलीचा तो पहिला मोकळा दसरा. सकाळी चौकात याच शेटजींनी भाषण केलं होतं. "आजपासून कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. सगळ्यांनी सगळ्यांना सोनं द्यायचं." मी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. चौकामागे मुसलमानांच्या गल्लीत दारं दिवसाही बंद होती. सगळे म्हणजे कोण, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही. भाबडी होते मी.

गावाचं हे सोनं यायचं कुठून? आमच्याच डोक्यावरून. दसऱ्याच्या आदल्या दिवशी महारवाड्यातल्या बाया रानात जायच्या, आपट्याचे भारे आणायच्या. वेशीपाशी भारा उतरवला की गावकरी त्यावर पाणी शिंपडायचे, मग तो गावाचा. त्याचीच पानं संध्याकाळी आम्ही द्यायला गेलो की पायरीवर ठेवायची आणि मागे सरायचं. अशी रीत. बदल्यात जवारी.

माझ्या मायला ते रान पाठ होतं. रझाकारांच्या धामधुमीत शेटजी वऱ्हाडात पळाले, ते तिच्या मागोमाग. वाटेत भूक लागली तेव्हा तिच्या फडक्यातली भाकर त्यांनी खाल्ली. तिच्या हातून घेऊन. रानात पायरी नव्हती ना!

मी पानं पदरात बांधली. म्हणाले, "हातात घेत असाल तर देते. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

शेटजी लालबुंद.

"माजली का गं?"

मी पाठ फिरवली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय सूप घेऊन जवारीला गेली आणि रिकाम्या सुपानं परत आली.

"पोरीला घेऊन ये म्हन्ले. पायरीवर सोनं ठेव, पाया पड, मंग देतो म्हन्ले." ती मटकन खाली बसली. "जाय माय, ठेव. पायरी काय चावते का? लेकरं काय खातील?"

माझे दोन धाकटे भाऊ चुलीपाशी बसले होते. खोटं कशाला सांगू, एकदा उठलेसुद्धा. दारापर्यंत गेले. तिथून वळून विचारलं,

"माय, रानात त्यायनं भाकर मागितली, तवा तू खाली ठेवली होती का?"

"न्हाई. हातात देली."

"काहून?"

ती उठली आणि सूप भिंतीला अडकवलं.

त्या हिवाळ्यात आम्ही अंबाडीचा पाला उकडून खाल्ला. कधी तोही नसायचा. धाकटा भुकेनं रडायचा तेव्हा मला माझाच राग यायचा. पण गेले नाही. आणि एवढ्यानं भागणार नाही, हेही कळलं. एकटीनं नाही म्हटलं तर तो माज ठरतो. म्हणून महारवाड्यात घरोघर फिरले. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं. सहा बाया ऐकायला बसल्या.

त्यांना म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला आपुन रानात जायचं न्हाई. ज्याला सोनं पाहिजे त्यानं कोयता घ्यावा, काटे तुडवावे, भारा डोक्यावर घ्यावा. आन आपल्या हातचं पाहिजे असंल, तर हातातच घ्यावं लागंल."