सफारीची तालीम

माझ्या बहिणीला सगळी गल्ली नंबरताई म्हणते. आमचं चष्म्याचं दुकान आहे. पुढच्या खोलीत ती लोकांचे डोळे तपासून चिठ्ठीवर नंबर लिहिते आणि मागच्या खोलीत मी त्या नंबरच्या काचा घासतो. म्हणून मी घाश्या. हे नाव तिनेच ठेवलंय आणि बत्तीस वर्षं मी ते निमूटपणे ऐकून घेतोय, कारण तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. तिने लग्न केलं नाही. ‘समोरचा माणूस मला दोन मिनिटांत कळतो, मग आयुष्यभर काय बघत बसू?’ असं म्हणते. दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती, मी आणि माझी बायको राहतो.

नऊ वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आफ्रिकेतल्या एका गवताळ अभयारण्यात जाऊन आलं. झाडाच्या फांदीवर म्हणे बिबट्या पसरला होता, गाडीतले पाचही जण ‘तो बघा, तो बघा’ करत होते आणि या गृहस्थांना शेवटपर्यंत नुसतं झाडच दिसलं. ताईने डोळे तपासले, तर चष्म्याचा नंबर चांगला दीडने चुकलेला. माणूस गेल्यावर तिने तपासणीचा दिवा मालवला. मग म्हणाली, ‘ज्याला दिसत नाही तो जाऊन आला घाश्या, आणि ज्यांना दिसतं ते इथे बसलेत.’

त्या दिवसापासून आमच्या घरात सफारी घुसली. तपासणीच्या खोलीत नकाशा लागला. कोणत्या महिन्यात रानगव्यांसारखे ते दाढीवाले प्राणी लाखोंनी नदी ओलांडतात, सिंहिणी कुठल्या टेकाडाच्या सावलीला बसतात, सगळं तिला तोंडपाठ. निळे आणि काळे कपडे घ्यायचे नाहीत, कारण तिथली चावरी माशी नेमकी त्या रंगांवर येते, म्हणून तिने मातकट रंगाचे चार सदरे शिवून घेतले. ते घालून ती जिन्यावरून उतरली की मला पोतं उतरल्याचा भास व्हायचा. लहान विमानात कडक बॅग चालत नाही म्हणून मऊ बॅग आली. यलो फीवरच्या लशीचा कागदही फाईलला लागला. माझी बायको म्हणायची, ‘वन्सं, तुमच्या तयारीत सिंह म्हातारे होतील हो!’ पण ताईला प्रत्येक गोष्ट बिनचूक लागते. यंदा तिचं साठावं सरलं तेव्हा कुठे ती म्हणाली, आता निघायचं.

मी काही जाणार नव्हतो. मला विमानात मळमळतं, आणि दुकान कधी बंद ठेवलेलं नाही. पण तालमीला मात्र मला जुंपलं होतं. प्राणी क्षणभर दिसतो आणि गवतात शिरतो, तेव्हा ‘तिकडे, तिकडे’ म्हणून उपयोग नाही. तिथले लोक घड्याळाने दिशा सांगतात. गाडीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन, डावा म्हणजे नऊ. रविवारी सकाळी आम्ही बागेत जायचो, बाकावर बसायचो आणि ताई पुकारायची, ‘दोन वाजता, मैना! अकरा वाजता, सायकलवाला!’ मी मान फिरवायचो. उशीर झाला की बोलणी खायचो. लोक बघून हसायचे. साठीच्या बहिणीने पंचावन्नच्या भावाला बागेत असं नाचवायचं म्हणजे काय!

एका रविवारी मी वैतागून म्हटलं, ‘आज मी पुकारतो, तू शोध.’

‘पुकार की. मला काय धाड भरलीय?’

तीन वाजता खार. तिला दिसली. एक वाजता लाल टोपी. तीही दिसली. तेवढ्यात तिच्या डाव्या बाजूने एक काळा कुत्रा आला आणि बाकापाशी बसला. तिने हात खाली सोडला असता तर त्याच्या कानाला लागला असता, इतका जवळ. मी म्हटलं, ‘नऊ वाजता, कुत्रा!’

ताईने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि लांबच्या कुंपणाकडे बघू लागली.

‘कुठाय?’

‘अगं नऊ वाजता!’

‘नऊलाच बघतेय. कुत्राबित्रा काही नाही. चेष्टा करतोस का रे माझी?’

कुत्रा उठला, त्याने तिच्या चपलेचा वास घेतला, तशी ती दचकून ओरडली. मी हसलो. हो, हसलोच. मग तिचा चेहरा बघितला आणि हसायचा थांबलो. तिला कुत्रा कुठून आला ते खरंच कळलं नव्हतं.

घरी येताना मला एकेक आठवायला लागलं. दाराच्या डाव्या चौकटीला आपटणारा तिचा खांदा. कपाबाहेर ओतलेला चहा, आणि वर ‘कप हल्ली काय चिमुकले काढतात’ ही तक्रार. तरी मन मानेना. नंबरताईच्या डोळ्यांना काय होणार? ती दर वाढदिवसाला स्वतःचे डोळे स्वतः तपासते. खुर्चीत बसते, एक डोळा झाकते, समोरचा आकड्यांचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचते, मग दुसरा झाकून पुन्हा वाचते आणि म्हणते, ‘बघ, अजून तशीच आहे.’ मी मागच्या खोलीतून दरवर्षी ऐकत आलोय.

हे आठवलं आणि जिन्यातच माझे पाय थबकले. खालच्या ओळीतले आकडे मलासुद्धा पाठ होते. सात, चार, दोन, नऊ, सहा.

दुपारी ती वर झोपली असताना मी खाली गेलो. तक्ता म्हणजे दिव्याच्या पेटीत सरकवलेली एक पट्टी. पेटीबरोबर दुसऱ्या आकड्यांची एक जादा पट्टी आली होती, ती कागदात गुंडाळलेलीच पडली होती. ती मी बसवली. ताई उतरल्यावर म्हटलं, ‘प्रवासाआधी नंबर बघून घेऊ. आज डाव्यापासून सुरू कर.’

‘का? उजव्याने काय घोडं मारलंय?’

पण बसली. उजवा डोळा तळव्याने घट्ट झाकला, तेव्हाच मी दिवा लावला.

ताई वाचू लागली. वरचा मोठा आकडा, मग दुसरी ओळ, मग तिसरी. कुठे अडखळणं नाही. शेवटची ओळ तर तिने जरा मान ताठ करून म्हटली, ‘सात, चार, दोन, नऊ, सहा.’

भिंतीवर तीन, आठ, पाच, एक, तीन होते.

माझी बहीण भिंतीवर नसलेले आकडे वाचत होती. आणि खोटं बोलत नव्हती, हे त्याहून भयंकर. तिला वाटत होतं की तिला दिसतंय.

‘हात काढ, ताई.’

तिने हात काढला. उजव्या डोळ्याने तक्ता बघितला. ओठांतल्या ओठांत वाचला. मग एकदम उसळून म्हणाली, ‘कुणी बदलला हा? कुणाला विचारून?’

‘मी.’

तिने उजवा डोळा पुन्हा झाकला आणि कितीतरी वेळ तशीच बसली. ‘उजेड आहे,’ ती म्हणाली. ‘पांढरा उजेड आहे नुसता. आकडेच नाहीत.’

मोठ्या डॉक्टरांकडे यंत्रात हनुवटी ठेवून, ठिपका चमकला की बटण दाबायचं होतं. बटणाचा आवाज इतका कमी वेळा आला की मी बाहेर बसून बोटं मोडत राहिलो. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेला होता, उजवाही कडांकडून आत मिटत चालला होता. डॉक्टर म्हणाले, ‘याला दुखत नाही, कळत नाही. गेलं ते परत येत नाही. आहे ते थेंबांनी राखता येईल. शेवटची तपासणी कुणी केली होती?’

‘मीच,’ ताई म्हणाली.

‘दुसऱ्या कुणी?’

‘दुसरं कुणी कशाला?’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना काय ठाऊक, की गेली अकरा वर्षं तिने स्वतःसाठी चिठ्ठीवर एकच नंबर लिहिला आणि मी तो डोळे झाकून घासत आलो. गिऱ्हाइकाचा नंबर तीन वर्षं बदलला नाही तर मी पुढे येऊन विचारतो. बहिणीला एकदाही विचारलं नाही. लाज वाटली, अजून वाटते.

आठवडाभर ताई तपासणीच्या खोलीत उतरलीच नाही. गल्लीतले लोक डोळे तपासायला आले की मी त्यांना डॉक्टरांचा पत्ता द्यायचो. मग एके सकाळी सफारीवाल्या ऑफिसमधल्या मुलीचा फोन आला. ताईने स्पीकर लावला.

‘मॅडम, तारखेचं काय करायचं? पाच महिन्यांनी कोरड्या दिवसांत जागा आहे, तेव्हा गवत वाळून खाली बसलेलं असतं. पुढच्या महिन्यातही आहे, पण मी सुचवणार नाही. गवत छातीएवढं असतं, प्राणी दिसतच नाहीत. लोक नाराज होऊन परत येतात.’

‘कुणालाच दिसत नाहीत?’ ताईने विचारलं.

‘क्वचितच कुणाला.’

‘मग पुढच्याच महिन्यात लिही,’ ताई म्हणाली. ‘ते बरं पडेल मला.’

मला ते समजायला एक क्षण लागला. नऊ वर्षं एकेक प्राणी बघण्यासाठी जीव टाकणारी ही बाई आता अशी जागा शोधत होती जिथे गाडीतल्या कुणालाच काही दिसणार नाही, म्हणजे ती एकटी पडणार नाही.

‘ती तारीख लिहू नका,’ मी मोठ्याने म्हणालो. ‘कोरड्या दिवसांतली द्या. आणि माणसं दोन लिहा.’

‘दोन?’ ताई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. ‘दुसरं कोण येतंय?’

मी तिच्या डाव्या हाताशीच उभा होतो.