व्याह्यांचा अर्धा तास

आमच्या व्याह्यांइतका हात धुऊन लोकांच्या बोटांमागे लागलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. धारूरला ते हिवतापाच्या कामावर होते. निवृत्त झाले, पण रक्ताचा थेंब घ्यायची खिशातली सुई आणि काचपट्टी काही निवृत्त झाली नाही. माझ्या मुलीच्या, सुमनच्या लग्नाच्या सुपारीत मी नुसतं अंग कसकसतंय म्हणालो, तर सगळ्यांदेखत माझं बोट टोचून मोकळे झाले! गोळी दिली की समोर उभे. "आ करा, पाव्हणं." जीभ उचलून दाखवल्याशिवाय सुटका नसे. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या डब्यात जपणाऱ्यांवर तर त्यांचा भलताच राग. भर पंगतीत सांगायचे, "आर्ध्या गोळ्यांनी जंतू मरत न्हाई, तयार होतो. मग तीच गोळी पचवून वर ढेकर देतो!" मी पोट धरून हसायचो. माझ्या कपाटात तशाच उरलेल्या चार क्लोरोक्विन होत्या, हिवतापाच्या जुन्या गोळ्या.

गेल्या साली सुमन तेलगावला माहेरी आली आणि तापाने फणफणली. मी शहाणपणा करून त्याच गोळ्या तिला दिल्या. तिसऱ्या दिवशी पोरीला उभं राहवेना, तेव्हा मी व्याह्यांना फोन केला. व्याही तासाभरात आले आणि तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "हा जंतू जुन्या गोळीला दाद देत नाही." त्यांनी नव्या गोळ्या दिल्या. पहिल्या गोळ्या सुमनने ओकून टाकल्या. पुन्हा दिलेल्या अर्ध्या तासाच्या आत ओकल्या तर बीडला हलवायचं ठरलं.

"मामा, मळमळतंय," सुमन सासऱ्यांना म्हणाली.

"गिळ, पोरी. माझ्याकडं बघ. आर्धा तास फक्त."

ते हातातलं घड्याळ काढून खाटेवर बसले. तिला उमासा आला की मी घड्याळाकडे बघायचो. आयुष्यात एवढा लांब अर्धा तास मी पाहिला नाही. गोळ्या पोटात राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "आधी काय दिलतं?" मी सांगितलं. त्यांनी नुसतं घड्याळ परत हातात बांधलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुमन बरी झाली. व्याह्यांना मात्र आता नीट दिसत नाही, प्रवास झेपत नाही. गेल्या महिन्यात मलाच हिवताप झाला, तर त्यांचा फोन. "घेतली गोळी? आ करा." रिकाम्या खोलीत मी मुकाट्याने आ केला. "आता फोन ठिवू नका," ते म्हणाले. मी फोन कानाला लावून बसलो. शेवटी मीच घड्याळ बघून म्हणालो, "झाला अर्धा तास."

तरी त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही.