जातो नाही, येतो

शुद्धलेखन चुकेल आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचणाऱ्याने माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली. चारचौघांत बोलायलाही मी लाजते. पण हे लिहून ठेवणार.

माझ्या मुलाला ऑटिझम आहे. अठरा पूर्ण झाल्यावर इथल्या, शारजातल्या शाळेने सांगितलं, खलास, आता मोठ्यांचं सेंटर बघा. किती दारं वाजवली! शेवटी एका सेंटरने घेतलं, पण कामाच्या खोलीत नाही. तिथली मुलं खोकी भरतात, लेबलं लावतात. याला मात्र दिवसभर टीव्हीसमोर बसवायचे. वर सांभाळायला वेगळी बाई, तिचे महिन्याला आठशे दिरहॅम जास्तीचे. म्हणजे अठरा हजार रुपये झाले की! कारण काय, तर 'साधी सूचना कळत नाही.'

तीन महिने ते पैसे भरले. मग धीर करून तिथल्या मॅडमना विचारलं, कुठली सूचना?

"मैंने बोला, अब तुम जाओ. वो बोला, आय ॲम कमिंग. और चला गया!"

आधी हसू आलं, मग डोकं तापलं.

"मॅडम, हमारे में निकलते टाइम 'जाता हूँ' नहीं बोलते, अशुभ होता है. 'येतो' बोलते हैं, मतलब आता हूँ. मैंने ही सिखाया. वो गया ना? मतलब समझा."

"रिपोर्ट बन गया, आंटी."

"फिर से बनाओ."

"नेक्स्ट मंथ, इन्शाल्ला."

"आज."

शेजारी बसलेले यजमान कुजबुजले, "अगं, चल. लोक बघतायत. रोल्लातल्या गिऱ्हाइकांचे जेवणाचे डबे पोचवायचेत."

"बघू देत. तुम्ही या पोचवून."

मी खुर्ची सोडली नाही. दुपारी मॅडम वैतागून उठल्या. मुलाला म्हणाल्या, लाल खोकं आण, झाकण लाव, टेबलावर ठेव. त्याने आणलं. झाकण बसेना, तर दुसरं शोधून लावलं आणि ठेवलं. मॅडमनी रिपोर्टचा नवा कागद घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाच्या खोलीत.

मग मी जास्तीचे पैसे परत मागितले. सेंटरचा हिशोबवाला म्हणाला, "आंटी, एक महीने का ॲडजस्ट कर देंगे."

"एक का क्यूँ? तीनों का. और हाथ में."

रोज डब्यांची फेरी संपली की हिशोबवाल्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहायचे. लाज वाटायची, तरी उभी राहायचे. काल त्याने चोवीसशे दिरहॅम मोजून दिले. मी पुन्हा मोजले. पूर्ण होते.