कपाटातलं अस्वल

इमारतीतली मुलं तिला अस्वलकाकू म्हणायची आणि तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. अंगानं ती काडीपैलवान. तिला जिना चढताना बघून नवखा माणूस विचारात पडायचा, की हिच्यात अस्वल आहे तरी कुठे? ते होतं गळ्यात. बर्फाळ डोंगरात राहणाऱ्या अस्वलांचा एक परदेशी कार्टून सिनेमा होता. त्यातली आई-अस्वल आपल्या भाषेत बोलायची ती हिच्या आवाजात. पहिला भाग चालला, दुसरा धो धो चालला आणि अस्वलकाकू हे नाव तिला कायमचं चिकटलं.

त्याआधी ती एका भल्यामोठ्या दुकानात माइकवर घोषणा करायची. साबणावर सूट, लाल गाडी रस्त्यातून हलवा, असलं सगळं. पण तिचा हातखंडा होता तो हरवलेल्या मुलांच्या घोषणेत. "निळा शर्ट घातलेला एक छोटा मुलगा आमच्याजवळ आहे. तो अजिबात रडत नाहीये, बिस्कीट खातोय. त्याच्या आईनं पळत येऊ नये, सावकाश यावं." मुलगा तिच्या शेजारीच भोकाड पसरून बसलेला असायचा, ते सोडा. ऐकणाऱ्या आईच्या जिवात जीव यायचा, हे महत्त्वाचं. असाच एकदा एका डबिंग दिग्दर्शकाचा मुलगा हरवला. सापडलेला मुलगा काखोटीला मारून तो जाता जाता म्हणाला, "बाई, हा आवाज साबणावर कशाला वाया घालवताय?"

या दिग्दर्शकाला स्टुडिओत सगळे 'पुन्हासाहेब' म्हणत, कारण कितीही चांगलं बोललं तरी काचेपलीकडून त्याचा एकच शब्द यायचा, "पुन्हा." तिला त्याचा राग येत नसे. बांगड्या काढून, न सळसळणारा सुती कुडता घालून, तोंड कोरडं पडू नये म्हणून आंबट सफरचंदाची फोड चघळत ती त्या छोट्याशा बंद खोलीत उभी राहायची आणि तो म्हणेल तितक्या वेळा अस्वल व्हायची.

आता तिसरा आणि शेवटचा भाग येणार होता. येत्या वर्षात लोक कुठल्या सिनेमांची सर्वांत जास्त वाट बघताहेत, याच्या याद्या जिकडेतिकडे छापून येत होत्या आणि बहुतेक याद्यांत अस्वलं सगळ्यांत वर बसली होती. छोटी जाहिरात-फिल्मही आली होती. तिच्या शेवटी बर्फातून एका गुहेकडे जाणारी पावलं होती. परत येणारी नव्हती. बस, लोकांची झोप उडाली. आई-अस्वल जगते का मरते?

आणि ज्याला त्याला वाटायचं की हे अस्वलकाकूला ठाऊक आहे.

"मला फक्त तोंड दिसतं हो," ती कळवळून सांगायची. ते अक्षरशः खरं होतं. गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून तिकडून सिनेमा यायचा तो काळा करून. काळ्याकुट्ट पडद्यात वाटीएवढं एक भोक, त्यात अस्वलाचं हलणारं तोंड. बाजूला कोण आहे, दिवस आहे की रात्र, बर्फ आहे की गवत, कशाचा पत्ता नाही. शिवाय तुकडे यायचे तेही उलटसुलट. वर तिनं कागदावर सही केली होती, की कामातलं अक्षरही कुणाला सांगणार नाही, घरच्यांनासुद्धा नाही.

पण लोक ऐकतील तर ना. इस्त्रीवाला विचारायचा, वरच्या मजल्यावरच्या आजी विचारायच्या. त्या महिन्यात गर्जना करून करून तिचा घसा बसला आणि ती घशाच्या डॉक्टरकडे गेली, तर त्यानं जीभ दाबून आत दिवा मारला आणि हळूच विचारलं, "जगते ना ती?"

"आ," ती म्हणाली. दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

"म्हणजे हो समजू?" डॉक्टर खुशीत म्हणाला. मग त्यानं बजावलं, "स्वरयंत्राला सूज आहे. काळजीचं काही नाही, पण कामापुरतंच बोला. घरी तोंडाला कुलूप."

घरी कुलूप लागलं. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. स्वभावानं गमत्या. तो म्हणाला, "देवानं ऐकलं म्हणायचं!" ती हातानं खुणा करायची, पाटीवर लिहायची. आणि रोज संध्याकाळी कपड्यांच्या कपाटात शिरून दार ओढून घ्यायची. यात वेडेपणा काही नव्हता. टांगलेल्या कोटांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून सरावाला तीच जागा बरी. आवाज अगदी खाली आणून ती शेवटच्या प्रसंगाचे संवाद म्हणायची. त्या तुकड्यात आई-अस्वल पिल्लाचा निरोप घेत होती. नंतर एक लांब श्वास, आणि पडद्यावरचं तोंड मिटलं ते मिटलं. "यापुढे तोंड उघडत नाही," पुन्हासाहेब काचेपलीकडून म्हणाला होता. तिनं काय समजायचं ते समजून घेतलं आणि मनातल्या मनात ठेवलं.

त्यांना एकच मुलगी होती, आठ वर्षांची. एका जागी पाय ठरत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणत. दप्तर दारात, बूट सोफ्यावर, वेणी घालून घेताना मान कधी सरळ नाही. सकाळ उजाडायची ती तिच्या आरोळ्यांनी: "आई, माझी बाटली कुठाय? आई, मोजा एकच आहे!" कुणाचा विश्वास बसणार नाही, पण त्या महिन्यात ही भिंगरी थांबली.

आधी ती स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. वाकडीतिकडी, पण घालायची. मग एक दिवस बूट जागेवर दिसले. एक दिवस तिनं दुधाचा पेला मुकाट्यानं संपवून विसळून पालथा घातला. कपडे धुण्याच्या यंत्राची कुठली कळ कशाची, हे बापाकडून समजून घेतलं. आणि हे सगळं आवाज न करता.

"पोरगी सुधारली," नवरा म्हणाला. "तू गप्प बसल्याचा गुण. मी आधीच म्हणत होतो."

तिनं पाटीवर लिहिलं: 'आजारी आहे का बघ.'

"अगं, शहाण्यासारखी वागते म्हणजे आजारी?"

होय, तिला तसंच वाटत होतं. मूल गप्प झालं की एक तर ते काहीतरी उद्योग करतंय, नाहीतर त्याला काहीतरी झालंय, हे कुठलीही आई सांगेल. उद्योग तर दिसत नव्हता. तिनं कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. शाळेत जाऊन बाईंना भेटली, तर बाई म्हणाल्या, "खूपच समजूतदार झालीये हो." जेवताना भिंगरी चार घास चिवडायची आणि आईकडे बघत बसायची. आईनं वर बघितलं की पटकन नजर वळवायची. आणि एक गोष्ट तिच्या फार उशिरा लक्षात आली, की सगळं जग अस्वलाचं विचारत होतं, एकटी भिंगरी विचारत नव्हती. गेल्या दोन्ही वेळी हिनंच तर "सांग ना, सांग ना" करून जीव नकोसा केला होता.

तिचं मन चिंतेनं पार पोखरून निघालं. कुणी दमदाटी केली का पोरीला? कुणी काही वाईट बोललं? ती रोज विचारायची, पाटीवर लिहून, खुणेनं. भिंगरी म्हणायची, "काही नाही गं. तू बोलू नकोस. आराम कर."

आठ वर्षांच्या मुलीनं 'आराम कर' म्हणावं!

मग रविवारी दुपारी तिच्या बहिणीचा फोन आला. बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची.

"काय गं, तुमच्याकडे भांडण वगैरे झालंय का?"

"नाही. का?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"तुझी लेक मघाशी येऊन गेली. म्हणते, मावशी, तुझ्याकडे माझी गादी कुठे मावेल? मला वाटलं सुट्टीत राहायला येणार असेल. तर म्हणते, नाही, कायमची. पण बाबांना एकटं वाटेल, म्हणून शनिवार-रविवार घरी जाईन. मी हसले, तर अशी बघितली माझ्याकडे की माझं हसू घशातच अडकलं."

तिनं फोन ठेवला. भिंगरी आपल्या खोलीत पलंगावर बसून शाळेच्या शर्टाला गुंडी लावत होती. सुई कशीबशी धरलेली, जीभ दातांत. त्या पलंगाची डोक्याकडची बाजू एका पातळ फळीला टेकलेली होती. फळीपलीकडे होतं कपाट. इतकी वर्षं ती त्या घरात राहत होती, पण हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"गादीचं काय म्हणालीस मावशीला?"

"आई, बोलू नकोस. घसा दुखेल."

"दुखू दे. सांग."

भिंगरीनं सुई नीट खाली ठेवली. "मला माहीत आहे सगळं. तुला सांगायला लागू नये म्हणून मी विचारलं नाही."

"काय माहीत आहे?"

भिंगरी समोरच्या भिंतीकडे बघत, पाठ केलेला धडा म्हणावा तशी बोलू लागली. "'माझी वाट बघत बसू नकोस. ऊन आलं की नदीच्या बाजूनं जा. मी नसले तरी घाबरायचं नाही, तुला आता सगळं येतं.'" इथपर्यंत तिचा आवाज टिकला. "पण आई, मला सगळं नाही येत. इस्त्री येत नाही. आणि नदीच्या बाजूला तर पेट्रोल पंप आहे. तिथे जाऊन काय करू मी?"

तिला आधी काही उमगेच ना. मग एकदम सगळं उमगलं. ती मटकन पलंगावर बसली. डॉक्टरकडून येऊन गप्प झालेली आई. रोज कपाटात जाऊन हलक्या आवाजात निरवानिरव करणारी आई. पोरीनं दोन आणि दोन चार केले होते आणि ते चार उरात घेऊन ती एकटी वावरत होती.

"अगं ठोंबे," ती म्हणाली, आणि कुठली सही नि कुठला कागद, तिला आठवलंसुद्धा नाही, "ती अस्वलीण गं!"

"कोण?"

"मरते ती. सिनेमातली. मी तिचं बोलणं पाठ करत होते कपाटात. मी नाही मरत. अस्वलीण मरते."

भिंगरी डोळे विस्फारून बघत राहिली. "मग डॉक्टर?"

"गर्जना करून घसा बसलाय. बाकी धडधाकट आहे मी."

"नक्की? फक्त अस्वलीण?"

"फक्त अस्वलीण."

"बरं झालं!" भिंगरी म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडून अशी काही रडली, की तिच्या नाकाचं पाणी आईच्या सुती कुडत्यानं टिपून घेतलं. जगातली लाखो माणसं जिच्यासाठी देव पाण्यात घालून बसली होती, तिच्या मरणावर इतक्या आनंदानं कुणी रडलं नसेल.

दारात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. नवरा उभा होता, पायाशी चष्म्याचं घर. चेहरा पांढराफटक.

"मरते?" तो म्हणाला. "आई-अस्वल? शेवटच्या भागात?"

"तुम्ही कधी आलात?"

"मरते?" तो परत म्हणाला आणि भिंगरीच्या खुर्चीवर बसला. ती खुर्ची त्याला लहान होती. "निदान मला तरी सांगायचं नव्हतंस."

"कुणाला सांगाल तर बघा," ती म्हणाली. मग तिला हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. घसा चांगलाच दुखला.

त्या दिवशी भिंगरी पोटभर जेवली. जेवता जेवता मध्येच म्हणाली, "आई, पण अस्वलं थंडीत झोपतात ना? आमच्या पुस्तकात आहे. तिथे बर्फ होता का?"

"मला फक्त तोंड दिसतं गं."

पुढच्या आठवड्यात पुन्हासाहेबाचा निरोप आला, की एक तुकडा राहिलाय, तिकडून आत्ताच आलाय. ती माइकसमोर उभी राहिली. काळ्या पडद्यात ते मिटलेलं तोंड दिसलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग ओठांची एक कड हलली, मिशा थरथरल्या आणि ते तोंड उघडलं, आणखी उघडलं, पार भोकाच्या कडेपर्यंत उघडलं.

"जांभई आहे," काचेपलीकडून आवाज आला. "अख्खा हिवाळा झोप काढून उठलीये. मग पिल्लू दिसतं, तेव्हाचं एक वाक्य आहे. करा, जांभईपासून."

तिला करावी लागलीच नाही. गेल्या महिन्याभरात तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती सगळी साठलेली झोप आतून वर आली आणि अशी ऐसपैस, जबडा कडकडवणारी जांभई बाहेर पडली, की ध्वनिमुद्रण करणाऱ्यालाही आपलं तोंड हातानं झाकावं लागलं. मग तिनं वाक्य म्हटलं. ती 'पुन्हा' ऐकायला तयार झाली.

"झालं," पुन्हासाहेब म्हणाला. "घरी जा."

घरी नवऱ्यानं तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "काय झालं? आज काय होतं? चांगलं का वाईट?"

"मला फक्त तोंड दिसतं," ती म्हणाली. एकदा फुटलं ते फुटलं, आता पुन्हा नाही. भिंगरीनं मात्र आईचा चेहरा एकदाच बघितला, पुस्तकातल्या बर्फाच्या पानावर बोट ठेवलं आणि काही न बोलता ओठ घट्ट मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर दारात आडवं पडलं होतं. बूट सोफ्यावर. केसांचा गुंता. आणि आतल्या खोलीतून सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी आरोळी आली, "आई! मोजा एकच आहे!"

ती चहाचा कप हातात घेऊन ऐकत उभी राहिली. नवरा म्हणाला, "ओरड की तिला. आता बोलायची परवानगी आहे ना तुला?"

"थांबा हो," ती म्हणाली. "आणखी एकदा ओरडू दे."