जेवायचा हात

आधीच सांगतो, या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर, हसत हसत वाचत आलोय. मी आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या चिप प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. आमच्याकडे धुळीचा एक कण चुकीच्या जागी सापडला तरी तो कुठून आला हे शोधेपर्यंत सुटका नसते. 'कळलं नाही' असं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही. आज नेमकं तेच लिहायला बसलोय...

अनुभव खरं तर माझ्या मुलीचा. ईरा, वय दहा. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र अस्सल आयरिश इंग्रजीत येतं. आणि ती डावखुरी आहे – लिहिते डाव्यानं, जेवतेही डाव्यानं.

गेल्या वर्षी माझे वडील, अप्पा, सहा महिने आमच्याकडे होते. गडहिंग्लजजवळच्या खेड्यात त्यांनी जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवला. मुलांना डावं-उजवं शिकवायची त्यांची पद्धत ठरलेली: उजवा म्हणजे 'जेवायचा हात', डावा म्हणजे 'दुसरा हात'. ईराला शाळेत सोडायलाही तेच जायचे. "आता जेवायच्या हाताला वळायचं," असं म्हणाले की ईरा हटकून डावीकडे वळायची आणि अप्पा कपाळाला हात लावायचे. इथपर्यंत सगळी गंमत होती.

ताटावर मात्र गंमत राहिली नाही. "ह्यो न्हवं गं, जेवायचा हात कुठला?" म्हणत ते तिचा डावा हात धरून खाली ठेवायचे. प्रेमानंच, पण रोज. शेवटी पोरगी जेवेनाशी झाली. एक दिवस माझा तोल गेला. "अप्पा, ती तुमच्या वर्गातली नाही. तिच्या हाताला पुन्हा हात लावायचा नाही."

अप्पा "बरं" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते आमच्या आधीच एकटे जेवून घ्यायला लागले. ईरानं मला विचारलं, "बाबा, इज अप्पा क्रॉस विथ मी?" मी म्हटलं, छे गं, रागावतील कशाला. पण अप्पांशी पुन्हा तो विषय मी काढला नाही, आणि ते भारतात परत गेले. ऑक्टोबरमध्ये, गावी, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी पोचलो तो तिसरा दिवस होता. फोनवर ईरानं तोच प्रश्न विचारला, फक्त 'इज'च्या जागी 'वॉज' घालून. मी 'नंतर बोलू' म्हणून फोन ठेवला.

या फेब्रुवारीत मला कामासाठी तीन आठवडे जपानला पाठवलं होतं. शेवटच्या आठवड्यात ईराला सुट्टी होती म्हणून बायको तिला घेऊन आली. ईरा डब्लिनजवळच्या प्लास्टिकच्या उतारावर स्कीइंग शिकलेली, तिला खरा बर्फ हवा होता. तिथला माझा सहकारी तानाका-सान आम्हाला नागानो भागातल्या एका छोट्या डोंगरावर घेऊन गेला. बायको थंडीला घाबरून खाली हॉटेलच्या गरम पाण्याच्या कुंडातच राहिली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तारेवरून वर नेणाऱ्या खुर्च्यांच्या दोन लिफ्ट, एक कँटीन, आणि मंगळवार असल्यामुळे जेमतेम दहा माणसं. लिफ्टवरचे कर्मचारी म्हणजे गावातले म्हातारे. आपण बसायच्या आधी खुर्चीवरचा बर्फ खराट्यानं झाडून देणार, वर कमरेत वाकून नमस्कार करणार. इतकी शांत जागा मी पाहिलेली नाही.

मी सकाळभर पडण्याचं काम मन लावून केलं. दुपारी बाराच्या सुमारास ईरा म्हणाली, "वन मोअर, बाबा?" वरच्या लिफ्टनं ती एकटी दोनदा जाऊन आली होती. मी म्हटलं, जा. मी आणि तानाका-सान कँटीनमध्ये करी-राइस घेऊन बसलो.

दहा मिनिटांत खिडकीतला डोंगर नाहीसा झाला. धुकं. स्पीकरवर जपानीत काहीतरी सांगितलं गेलं आणि तानाका-साननं चमचा खाली ठेवला. वरची लिफ्ट बंद केली होती. त्यानं मला हळू आवाजात समजावलं: वरून थोडं खाली आलं की वाट फुटते. डावीकडची रुंद, सोपी, थेट कँटीनपाशी येते. उजवीकडे ओढ्याची खोल घळ आहे. तिथे दोरी बांधलेली असते, पण दोन दिवसांच्या बर्फात दोरी बुडाली आहे.

गस्तीचा माणूस वर गेला. मी दारात उभा राहिलो. समोर नुसतं पांढरं. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो. मीच 'जा' म्हटलं होतं.

पंचवीस मिनिटांनी ईरा धुक्यातून संथपणे घसरत आली आणि म्हणाली, "कॅन आय हॅव हॉट चॉकलेट?" मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. "आय वॉज ग्रँड, बाबा! द ओल्ड मॅन टोल्ड मी."

कुठला म्हातारा? तर वाट फुटते तिथे, खराटा घेतलेला, तोंडावर मफलर गुंडाळलेला. ती उजवीकडेच निघाली होती. तो म्हणाला, "जेवायच्या हाताला वळ."

"मराठीत?"

"येह. लाइक अप्पा."

मी तानाका-सानला सांगितलं तर तो चक्क हसला. जपानमध्येही लहान मुलांना उजवा हात असाच शिकवतात म्हणे – 'चॉपस्टिक धरायचा हात'! म्हाताऱ्यानं खायची खूण केली असणार आणि पोरीला आजोबा आठवले असणार. मला हायसं वाटलं. रूट कॉज सापडलं होतं.

मग तानाका-सान हसायचा थांबला. चॉपस्टिकचा हात म्हणजे उजवा. उजवीकडे तर घळ होती.

तेवढ्यात गस्तवाला परत आला. त्याला वर कुणीच दिसलं नव्हतं, आणि लिफ्टवरचे म्हातारे तर केव्हाच खाली आले होते. तरी म्हटलं, असेल गावातलं कुणी.

परतताना गाडीत मी ईराला विचारलं, "डावीकडे वळायचं हे तुला कसं कळलं?"

कळलं नव्हतंच म्हणे. ती थांबली आणि तिनं त्यालाच विचारलं, "माय वन ऑर युवर्स?" तो म्हणाला... आणि एरवी मराठीत चार शब्द न बोलणाऱ्या माझ्या मुलीनं ते वाक्य थेट गडहिंग्लजच्या हेलात म्हणून दाखवलं: "तुझा गं पोरी. तू ज्या हातानं जेवतीस, त्यो."

मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सो ही वॉजन्ट क्रॉस."

मी पुढे बसलो होतो म्हणून बरं. तोंड लपवायला जागा होती.

भीतीनं भास झाला, आठवणीतला आवाज ऐकू आला, हे सगळं माझं मलाच सांगून झालंय. बायको डॉक्टर आहे, तिचंही तेच म्हणणं. पण आठवणीतून यायला ते वाक्य आधी कुणी म्हटलेलं तरी हवं ना? अप्पांनी ते हयातीत एकदाही म्हटलं नव्हतं. माझ्याकडे अजूनही काही स्पष्टीकरण नाही. ईराला ते नकोच आहे.

गेल्या महिन्यात अप्पांचं वर्षश्राद्ध झालं. लिक्सलिपमध्येच, जमेल तसं. अप्पांच्या फोटोपुढचं पान ईरानं वाढायला घेतलं, डाव्या हातानं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. 'उजव्यानं वाढ गं' हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

"जेवायच्या हातानं वाढ," मी म्हटलं.

"आय अ‍ॅम," ईरा म्हणाली.